मालखरेदी हाही एक पेशा आहे

पुणे-नगर रस्त्यावर शिक्रापूरच्या चौकात सकाळी सातच्या सुमारास उभे राहिले, की कंपन्यांच्या बसगाड्या एकामागून एक जाताना दिसतात. येथूनच एक रस्ता चाकणला फुटतो. पुण्याच्या बाजूला सणसवाडी आणि कोरेगाव भीमा, पुढे शिरूरच्या वाटेवर रांजणगावची औद्योगिक वसाहत आणि शेजारच्या दौंड तालुक्यात कुरकुंभ. फियाट, एलजी, व्हर्लपूल, हायर यांचे कारखाने रांजणगावात आहेत. चाकणच्या पट्ट्यात बजाज, महिंद्र, फोक्सवॅगन, मर्सिडीज यांचे आहेत. बसगाड्यांच्या मागोमाग मालट्रक असतात. त्यांत पत्रा असतो, रंग असतो, नट-बोल्ट, बेअरिंग, पुठ्ठ्याची खोकी, लाकडी पॅलेट, कामगारांचे गणवेश, हातमोजे असतात. कॅन्टीनचा भाजीपालाही याच रस्त्याने जातो.

यातली एकूण एक वस्तू कारखान्याने कोणाकडून तरी विकत घेतलेली असते. ती कोणाकडून घ्यायची, काय भावाने, किती आणि केव्हा, हे ठरवणारे एक स्वतंत्र खाते असते. त्याला कोणी परचेस म्हणतात, कोणी मटेरियल्स, तर अलीकडे पुरवठा साखळी किंवा सप्लाय चेन असे भारदस्त नाव आले आहे. आमच्या व्यापारी व कारागीर वाचकांपैकी अनेकांचा या खात्याशी रोज संबंध येतो. पण तो फाटकाबाहेरून. आपण माल घेऊन उभे असतो आणि टेबलाच्या पलीकडे बसलेला माणूस ‘कळवतो’ म्हणतो. त्या माणसाने काय शिक्षण घेतले, तो हिशेब कसा करतो आणि आपला मुलगा किंवा मुलगी त्या खुर्चीवर बसू शकेल काय, याचा विचार आपल्याकडे क्वचितच होतो. तो या लेखात करू.

एका कोटेशनची गोष्ट

शिक्रापूरजवळ फॅब्रिकेशनचे वर्कशॉप चालवणारे एक मिस्त्री आमच्या परिचयाचे आहेत. हाताला उत्तम सफाई, वेल्डिंग असे की पाहत राहावे. एका कारखान्याला सुटे भाग वाहून नेण्यासाठी वीस ट्रॉल्या हव्या होत्या. मिस्त्रींनी एका ट्रॉलीचा भाव १४,५०० रुपये दिला. दुसऱ्या एकाने १५,२०० दिला. ऑर्डर दुसऱ्याला गेली. ‘ओळख नाही, वशिला नाही, आमच्यासारख्याला कोण विचारतो’ असे म्हणून मिस्त्री गप्प बसले.

आम्ही त्यांचे कोटेशन मागून पाहिले. लेटरहेडवर एक ओळ होती: ट्रॉली, नग २०, दर १४,५००. वाहतूक वेगळी, पावडर कोटिंग वेगळे. चाके कोणती, याचा उल्लेख नाही. मुदत ‘लवकरात लवकर’. निम्मी रक्कम आगाऊ. आता खरेदी खात्याच्या कागदावर हा हिशेब कसा उतरतो ते पाहा. १४,५०० मध्ये कोटिंगचे ६०० आणि वाहतुकीचे ४०० मिळवले की माल कारखान्याच्या दारात पडतो १५,५०० रुपयांना. दुसऱ्याचे १५,२०० पोहोच होते, कोटिंगसह होते, चाकांची कंपनी लिहिलेली होती, एकवीस दिवसांची मुदत होती आणि पैसे पंचेचाळीस दिवसांनी चालणार होते. म्हणजे ‘स्वस्त’ मिस्त्री प्रत्यक्षात नगामागे ३०० रुपयांनी आणि वीस नगांवर ६,००० रुपयांनी महाग होते. शिवाय आगाऊ रकमेचा बोजा वेगळाच.

वशिल्याने ऑर्डरी जातच नाहीत, असा आमचा दावा नाही. पण येथे वशिल्याचा प्रश्नच आला नव्हता. येथे हिशेबाची एक रीत होती. ती टेबलाच्या एका बाजूला ठाऊक होती आणि दुसऱ्या बाजूला नव्हती. या रीतीला पोहोच किंमत असे म्हणतात आणि मालखरेदीच्या शिक्षणातला तो पहिल्या काही धड्यांपैकी एक आहे.

हा पेशा उभा कसा राहिला

एक साधा हिशेब करू. समजा, एका कारखान्याची विक्री १०० रुपये आहे. त्यातले ६० रुपये मालावर जातात, ३५ रुपये पगार, वीज, भाडे इत्यादींवर आणि ५ रुपये नफा उरतो. खरेदी करणाऱ्याने नुसती दोन टक्के बचत केली, म्हणजे ६० वर १ रुपया २० पैसे वाचवले, तर नफा ५ वरून ६ रुपये २० पैसे होतो. नफ्यात चोवीस टक्के वाढ झाली. खर्चाचे प्रमाण तेच राहिले तर एवढाच नफा विक्री वाढवून मिळवण्यासाठी विक्री चोवीस टक्क्यांनी वाढवावी लागेल. बाजारात ते किती कठीण आहे हे दुकानदाराला सांगायला नको.

हे लक्षात आल्यावर मोठ्या कारखान्यांनी खरेदीला कारकुनी काम समजणे सोडले. अमेरिकेत १९१५ मध्ये खरेदी अधिकाऱ्यांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. तीच आज इन्स्टिट्यूट फॉर सप्लाय मॅनेजमेंट या नावाने ओळखली जाते. इंग्लंडमध्ये १९३२ मध्ये अशीच संघटना सुरू झाली आणि तिच्यातून वाढलेल्या संस्थेला १९९२ मध्ये राजसनद मिळाली. तिचे आजचे नाव चार्टर्ड इन्स्टिट्यूट ऑफ प्रोक्युअरमेंट अँड सप्लाय, संक्षेपाने सीआयपीएस. आपल्या देशात १९७५ मध्ये दोन संघटना एकत्र येऊन इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंट, म्हणजे आयआयएमएम, स्थापन झाली. तिचे मुख्य कार्यालय नवी मुंबईत बेलापूरला आहे आणि पुण्यात तिची शाखा आहे. वकील, डॉक्टर, हिशेबनीस यांच्याप्रमाणे खरेदी करणाऱ्यांनाही परीक्षा, पदविका आणि आचारसंहिता असते, ही गोष्ट आपल्यापैकी अनेकांना नवी वाटेल.

टेबलापलीकडे काय चालते

कारखान्यातल्या एखाद्या विभागाला वस्तू हवी असली की तो मागणीपत्र म्हणजे इंडेंट काढतो. खरेदी खाते दोन-चार पुरवठादारांकडून कोटेशन मागवते आणि आलेल्या दरांचा तुलना तक्ता मांडते. मग भावाची बोलणी होतात आणि खरेदी आदेश, म्हणजे पीओ, निघतो. माल आला की स्टोअरमध्ये तो मोजून घेतात, तपासतात आणि स्वीकृतीची पावती म्हणजे जीआरएन करतात. शेवटी हिशेब खाते पीओ, जीआरएन आणि आपले बिल हे तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून पाहते. तिन्हींत नग, दर आणि वर्णन जुळले तरच पैसे निघतात. एका ठिकाणी ‘पाईप’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘ट्यूब’ लिहिले एवढ्यावरून बिल आठवडाभर अडकू शकते. त्यात द्वेष नसतो, संगणक ते पुढे जाऊ देत नाही.

आणखी एक गोष्ट समजून घ्यावी. पीटर क्रालजिक यांनी १९८३ मध्ये खरेदीच्या वस्तूंचे चार गट पाडून दाखवले आणि ही विभागणी आज जगभर शिकवली जाते. पहिला गट किरकोळ वस्तूंचा, जशी स्टेशनरी. दुसरा गट पैशाने मोठा पण विकणारे पुष्कळ, जशी पुठ्ठ्याची खोकी. तिसरा गट पैशाने लहान पण देणारा एखाददुसराच, जसे विशिष्ट यंत्राचे एखादे सील. चौथा गट पैशानेही मोठा आणि मिळायलाही कठीण, जसा फ्रिजचा कॉम्प्रेसर. दुसऱ्या गटातल्या विक्रेत्याला खरेदी अधिकारी भावात दाबतो, कारण त्याच्यामागे दहाजण रांगेत आहेत. तिसऱ्या गटातल्या विक्रेत्याला तो जपतो.

आपले बहुतेक छोटे कारखानदार पहिल्या दोन गटांत आहेत आणि ‘कंपनीवाले भाव पाडून मागतात’ ही तक्रार तेथूनच येते. यावर रडत बसण्याने काही होत नाही. पण जो मिस्त्री रात्री दोन वाजता जाऊन मोडलेली ट्रॉली जागेवर जोडून देतो, तो कारखान्याच्या दृष्टीने दुसऱ्या गटातून तिसऱ्याकडे सरकतो. जो सुतार पॅलेटचा नकाशा स्वतः सुधारून लाकूड वाचवून दाखवतो तोही सरकतो. हाताचे हुन्नर आपल्याकडे आहेच, ते कोणत्या गटात विकायचे हे ठरवता आले पाहिजे.

शिक्षणाचे रस्ते

आता मुलामुलींकडे वळू. शिरूरच्या बोरा महाविद्यालयातून किंवा पुण्याच्या पूना कॉलेजातून बी.कॉम. झालेला मुलगा दुकानाच्या गल्ल्यावर बसतो किंवा ‘काहीतरी काम बघतो’. अशा मुलाला पुढील वाटा मोकळ्या आहेत.

पहिली वाट आयआयएमएमची. पदवीधरांसाठी सामग्री व्यवस्थापनाची दोन वर्षांची पदव्युत्तर पदविका आहे. सरकारी खरेदीसाठी वेगळा अभ्यासक्रम आहे. नोकरी करत करत हे शिक्षण घेता येते, हा त्याचा मोठा फायदा. पुण्याच्या सिंबायोसिसच्या दूरशिक्षण केंद्रातूनही पुरवठा साखळी व्यवस्थापनाची पदविका करता येते. ज्यांना पूर्णवेळ शिकणे परवडते त्यांच्यासाठी एमबीए आहे. त्यात ऑपरेशन्स किंवा पुरवठा साखळी हा विषय घ्यावा. पुण्याच्या आझम कॅम्पसमध्येही व्यवस्थापन शिक्षणाची संस्था आहे, तेथे चौकशी करावी.

दुसरी वाट सीआयपीएसची. तिच्या पायऱ्या दुसऱ्या पातळीपासून सहाव्यापर्यंत आहेत. खालच्या दोन पायऱ्यांसाठी आधीच्या पदवीची अट नाही. चौथी पायरी पदविका, पाचवी प्रगत पदविका आणि सहावी व्यावसायिक पदविका. सहावी पूर्ण करून तीन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवला की नावापुढे एमसीआयपीएस ही अक्षरे लावता येतात. परीक्षा इंग्रजीत असते आणि शुल्क परदेशी चलनाच्या हिशेबाने पडते, त्यामुळे खर्च मोठा आहे. परंतु दुबई, दोहा, रियाध येथील खरेदीच्या मोठ्या जागांच्या जाहिरातींत या अक्षरांची मागणी वारंवार दिसते. आखातात जायचेच असेल तर हेल्पर म्हणून जाण्यापेक्षा या तयारीने गेलेले बरे.

तिसरी वाट अमेरिकी प्रमाणपत्रांची. इन्स्टिट्यूट फॉर सप्लाय मॅनेजमेंटची सीपीएसएम ही तीन पेपरांची परीक्षा आहे. एपिक्स या नावाने १९५७ मध्ये सुरू झालेल्या आणि आता एएससीएम म्हणवणाऱ्या संस्थेची सीपीआयएम ही उत्पादन नियोजन व साठा यांची परीक्षा आहे. या परीक्षा नव्या मुलाने घाईने देऊ नयेत. चार-पाच वर्षे काम झाल्यावर, शक्य तर कंपनीच्या खर्चाने द्याव्यात.

चौथी वाट कॉस्ट अकाउंटंटची, म्हणजे सीएमएची. ती अवघड आहे. पण वस्तूची खरी किंमत कशी बनते हे जाणणारा माणूस खरेदी खात्यात फार वर जाऊ शकतो.

पदवी नसलेल्यांनीही निराश होऊ नये. आयटीआय झालेला मुलगा माल ओळखतो, मायक्रोमीटर धरू शकतो. स्टोअरमध्ये आणि माल तपासणीत अशाच माणसाची गरज असते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्यात २०१४ मध्ये दुरुस्ती झाली आणि इंजिनिअर नसलेल्या पदवीधरांनाही शिकाऊ उमेदवार म्हणून घेण्याची सोय झाली. म्हणजे बी.कॉम. मुलगा किंवा मुलगीही स्टोअर व खरेदी खात्यात विद्यावेतनावर उमेदवारी करू शकते. मुलींच्या दृष्टीने या खात्याचा विचार आवर्जून करावा. काम टेबलाचे, हिशेबाचे आणि बोलणी करण्याचे असते. घरखर्चात चार ठिकाणी भाव विचारून खरेदी करणाऱ्या आयांच्या लेकींना ते अवघड नाही.

एक इशारा देणे आमचे कर्तव्य आहे. पंधरा दिवसांत ‘इंटरनॅशनल सर्टिफिकेट’ देतो असे सांगून पैसे घेणारे दलाल पुष्कळ आहेत. फी भरण्यापूर्वी मूळ संस्थेच्या शाखेत जाऊन किंवा तिच्याशी थेट संपर्क साधून खात्री करावी. पात्रता आणि फी बदलत असतात, तीही तेथेच विचारावी.

नोकरीच्या पायऱ्या

सुरुवात बहुधा स्टोअर सहायक किंवा खरेदी सहायक म्हणून होते. पहिली दोन वर्षे चलने लावणे, माल मोजणे, पुरवठादाराला फोन करणे यांत जातात. ती वाया गेली असे समजू नये. माल, माणसे आणि त्यांच्या सबबी तेथेच कळतात. मग खरेदी अधिकारी, पुढे एका मालगटाचा प्रमुख, नंतर खरेदी व्यवस्थापक आणि शेवटी संपूर्ण पुरवठा साखळीचा प्रमुख. स्टोअरच्या बाजूने गेले तर गोदाम प्रमुख आणि वाहतूक व्यवस्थापक. यासाठी तीन गोष्टी पक्क्या हव्यात: संगणकावरील एक्सेल, एसएपीसारख्या प्रणालीची ओळख आणि कामापुरते इंग्रजी. चौथी गोष्ट म्हणजे जीएसटीची जाण. कंपोझिशन योजनेतल्या विक्रेत्याकडून घेतलेल्या मालावर कारखान्याला कराची वजावट मिळत नाही, हे ज्याला कळते तो तुलना तक्ता बरोबर मांडतो. आमच्या कारखानदार वाचकांनीही ही गोष्ट ध्यानात ठेवावी. कित्येक ऑर्डरी याच कारणाने जातात.

आणि पाचवी गोष्ट सचोटी. खरेदीच्या खुर्चीवर पाकीट घेऊन येणारे भेटतात. ‘टक्केवारी’ हा शब्द लवकर कानावर पडतो. या पेशाच्या संस्थांच्या आचारसंहितेत पुरवठादाराकडून लाभ घेणे निषिद्ध आहे. मापात आणि मोलात खरेपणा ठेवण्याची शिकवण आपल्या घरांत लहानपणापासून दिली जाते. ती येथे नोकरीची पात्रता ठरते, कारण एकदा डाग लागला की या पट्ट्यातल्या सगळ्या कारखान्यांत तो कळतो.

पुरवठादाराचे हक्क

जे फाटकाबाहेरच राहणार आहेत त्यांनी आपले हक्क जाणले पाहिजेत. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार सूक्ष्म व लघु उत्पादक किंवा सेवा देणाऱ्याचे पैसे ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात. ती मुदत माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर १५ दिवस. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज लागते. राज्य सरकारच्या सुविधा परिषदेकडे तक्रार करता येते आणि ती ऑनलाइन, घरबसल्या नोंदवता येते. व्याज घ्यावे की न घ्यावे हा ज्याचा त्याचा प्रश्न. पण तरतूद माहीत असली आणि बिलावर तिचा उल्लेख असला, तर मुद्दल वेळेवर येते. शिवाय १ एप्रिल २०२४ पासून अशा उद्योगाचे पैसे मुदतीत न देणाऱ्या खरेदीदाराला त्या खर्चाची वजावट प्रत्यक्ष पैसे देईपर्यंत प्राप्तिकरात मिळत नाही. त्यामुळे मोठे खरेदीदारही सावध झाले आहेत.

यासाठी उद्यम नोंदणी हवी. ती १ जुलै २०२० पासून सुरू आहे आणि मोफत आहे. कोणी पैसे मागितल्यास देऊ नयेत. माल देण्याआधीच ती करून ठेवावी. नुसत्या व्यापाऱ्यालाही २०२१ पासून ही नोंदणी मिळते, मात्र तिचा उपयोग बँकेच्या प्राधान्य कर्जापुरता आहे. ४५ दिवसांचे संरक्षण वस्तू बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे. म्हणून व्यापाऱ्याने मुदत लेखी ठरवल्याशिवाय उधारी देऊ नये.

सरकारही मोठा गिऱ्हाईक आहे. २०१२ च्या धोरणानुसार केंद्राची खाती व सार्वजनिक उपक्रम यांनी ठराविक हिस्सा सूक्ष्म व लघु उद्योगांकडून घ्यावयाचा असतो. २०१८ मध्ये तो २५ टक्के करण्यात आला, त्यात ३ टक्के महिलांच्या उद्योगांसाठी. २०१६ मध्ये सुरू झालेल्या जेम या सरकारी बाजारपेठेवर नोंदणी करून ही विक्री करता येते.

शेवटी

ज्या मिस्त्रींची गोष्ट सांगितली त्यांचा मुलगा बी.कॉम. आहे. आम्ही दोघांना समोर बसवून जुन्या कोटेशनवरून नवा नमुना तयार करायला सांगितले. मालाचे पूर्ण वर्णन, नग, पोहोच दर, जीएसटी वेगळा, मुदत दिवसांत, पैसे देण्याची अट, दराची वैधता, उद्यम क्रमांक: अशा आठ ओळी झाल्या. मुलाने त्या अर्ध्या तासात संगणकावर बसवल्या. मिस्त्रींनी कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, ‘एवढेच होते होय!’

एवढेच होते असे नाही. त्यामागे एक पूर्ण पेशा आहे. पण त्याची सुरुवात एवढ्यावरून होते. बापाने माल ओळखावा आणि लेकाने कागद ओळखावा, ही विभागणी आता पुरेशी नाही. एकाच घरात दोन्ही गोष्टी आल्या पाहिजेत. पदवी हातात घेऊन घरी बसलेला मुलगा किंवा मुलगी आपल्या वाचकांपैकी ज्यांच्या घरी असेल, त्यांनी या महिन्यात एक काम करावे: पुण्याला जाऊन आयआयएमएमच्या शाखेत माहिती घ्यावी आणि जवळच्या कारखान्यात शिकाऊ उमेदवारीचा अर्ज द्यावा. चौकशीला पैसे पडत नाहीत.